पंगत मोठी, दार बंद : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलची फेरमांडणी

यंदाच्या १९ जानेवारीस मायामीनजीकच्या हार्ड रॉक स्टेडियमवर इंडियाना विद्यापीठाच्या संघाने मायामी विद्यापीठाला २७-२१ असे नमवून अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. सोळा सामने आणि सोळाही विजय. या खेळात अशी नोंद यापूर्वी १८९४मध्ये येल विद्यापीठाच्या नावावर लागली होती. त्याहून नवलाचा आहे तो विजेत्याचा पूर्वेतिहास. सर्वोच्च श्रेणीतील सर्वाधिक पराभव पदरी असलेले विद्यापीठ म्हणून इंडियाना ओळखले जाई. सातशेहून अधिक पराभवांचे ओझे घेऊन हा संघ मैदानात उतरत असे. इतर संघ त्याला लिंबूटिंबू समजत. कर्ट सिग्नेटी यांनी २०२४च्या हंगामापासून प्रशिक्षकपदाची सूत्रे हाती घेतली आणि दोन वर्षांत हा संघ शिखरावर पोहोचला.

या विजयाच्या आधाराने एक युक्तिवाद सहज मांडता येतो, आणि तो मांडलाही जातो. गेल्या पाच वर्षांत अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडागटांची जी मोठी फेरमांडणी झाली तिच्यावर टीका करणाऱ्यांना उद्देशून विचारले जाते की, तुमची भीती खरी असती तर इंडियाना कसे जिंकले? तळाचा संघ दोन वर्षांत अजिंक्य होऊ शकतो, याहून स्पर्धात्मक समतोलाचा भक्कम पुरावा कोणता?

प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु तो अर्धाच आहे. इंडियाना हरत होते तेव्हाही ते ‘बिग टेन’ या देशातील सर्वांत श्रीमंत गटाचे सभासद होते, आणि हे सभासदत्व त्यांना १८९९मध्ये मिळालेले आहे. याच काळात वॉशिंग्टन राज्यातील पुलमन या छोट्या गावातले ‘वॉशिंग्टन स्टेट’ विद्यापीठ मैदानावर बऱ्यापैकी जिंकत असूनही आपल्या गटाबाहेर नव्हे, तर गटासकट रस्त्यावर आले. या दोन विद्यापीठांची तुलना केली की फेरमांडणीने नेमके काय बदलले ते ध्यानात येते. आत बसलेल्यांमधली चुरस वाढली. आत येण्याची वाट मात्र जवळजवळ बंद झाली.

गट म्हणजे काय?

गोव्याच्या वाचकाच्या मनात ‘फुटबॉल’ या शब्दाने जो खेळ उभा राहतो तो हा नव्हे. लंबगोल चेंडू, शिरस्त्राणे, यार्डांनी मोजली जाणारी आगेकूच असा हा अमेरिकी फुटबॉल; आणि त्याची महाविद्यालयीन आवृत्ती व्यावसायिक लीगहून जुनी. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना १८६९मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत झाला. आज सर्वोच्च श्रेणीत १३०हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत. एवढे संघ एका लीगमध्ये खेळवणे अशक्य. म्हणून शेजारशेजारच्या विद्यापीठांनी आपापले गट केले. त्यांनाच ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. गटातल्या गटात सामने, गटाचे अजिंक्यपद आणि त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरची लढत, अशी ही रचना.

या गटांना दीर्घकाळ भूगोलाचा आधार होता. नावांतच तो दिसे : साउथईस्टर्न, साउथवेस्ट, पॅसिफिक कोस्ट, अटलांटिक कोस्ट. संघ रेल्वेने वा बसने जाऊन परत येऊ शकेल एवढ्या अंतरात प्रतिस्पर्धी असत. एकाच राज्यातल्या दोन विद्यापीठांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चाले. ओरेगन आणि ओरेगन स्टेट १८९४पासून एकमेकांशी झुंजत आले, वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट १९००पासून. या व्यवस्थेत सगळे संघ समान होते असे मुळीच नाही. बलाढ्य नेहमीच बलाढ्य होते. पण कोणता संघ कोठे खेळणार हे दूरचित्रवाणीच्या बाजारभावावर ठरत नव्हते.

१९८४चा निकाल

भूगोलाची जागा बाजाराने घेतली त्याचे मूळ एका न्यायालयीन निकालात आहे. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी ‘एनसीएए’ ही संघटना १९५०च्या दशकापासून दूरचित्रवाणीवरील सामन्यांवर नियंत्रण ठेवत असे. कोणत्या विद्यापीठाचे किती सामने दाखवायचे याला मर्यादा होती. कारण असे दिले जाई की मोजके बलाढ्य संघच सतत पडद्यावर दिसले तर पैसा आणि उदयोन्मुख खेळाडू त्यांच्याचकडे जातील. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी या नियंत्रणाला आव्हान दिले. जून १९८४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला : एनसीएएची ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते.

या निकालातील दोन गोष्टी आजही वाचण्याजोग्या आहेत. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी संघांमधील समतोल राखणे हा उद्देश गैर ठरवला नाही; समोर असलेली योजना त्या उद्देशाला उपकारक नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू. व्यापारी स्पर्धेचा नियम विद्यापीठांना जसाच्या तसा लावला तर शिक्षणाचा हेतूच मागे पडेल, अशी त्यांची धास्ती होती. पुढच्या चाळीस वर्षांनी कोणाचे पारडे जड ठरवले हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र समतोल राखण्याचे जुने साधन त्या दिवशी मोडले आणि त्याच्या जागी नवे कोणी घडवले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

यानंतर प्रक्षेपण हक्क विकण्याचा अधिकार गटांकडे आला आणि ज्याच्याकडे अधिक प्रेक्षक असलेली विद्यापीठे, त्याला अधिक भाव, हे गणित सुरू झाले. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने (यापुढे ‘एसईसी’) आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन बारा सभासद केले आणि १९९२मध्ये गटाचा अंतिम सामना सुरू करून उत्पन्नाची नवी वाट दाखवली. आर्कान्साच्या जाण्याने खिळखिळी झालेली साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६मध्ये विसर्जित झाली. तिच्यातील टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर यांना नव्या ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये जागा मिळाली, राइस, ह्यूस्टन, टीसीयू आणि एसएमयू बाहेर राहिली. टीसीयूला पुन्हा वरच्या पंगतीत बसायला २०१२ उजाडले, ह्यूस्टनला २०२३, एसएमयूला २०२४. राइस अद्याप बाहेरच आहे. एकदा पाट हुकला की पुन्हा मिळायला किती काळ लागतो, याचा हा हिशेब.

एका गटाचा अंत

ताज्या फेरमांडणीची सुरुवात जुलै २०२१मध्ये झाली. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसीत जाण्याचे जाहीर केले. उत्तर म्हणून जून २०२२च्या अखेरीस बिग टेनने थेट लॉस एंजेलिस गाठले आणि यूएससी व यूसीएलए यांना आपल्याकडे ओढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला; त्याचे मूल्य सात अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले गेले.

आता संकट पॅक-१२वर आले. १९१५पासूनचा वारसा सांगणाऱ्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या गटाला लॉस एंजेलिसविना समाधानकारक प्रक्षेपण करार मिळेना. जुलै २०२३मध्ये कोलोरॅडो बाहेर पडले. ४ ऑगस्टला एकाच दिवसात ओरेगन व वॉशिंग्टन यांनी बिग टेनचा, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट व युटा यांनी बिग ट्वेल्व्हचा रस्ता धरला. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (बर्कली) यांना अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने (‘एसीसी’) घेतले. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने खेळू लागली. बारापैकी दहा गेले. उरले ते ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

हा गट खेळाने दुबळा होता म्हणून कोसळला असे म्हणता येत नाही. अखेरच्या २०२३च्या हंगामात त्याचा विजेता वॉशिंग्टन राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला. मागे राहिलेले दोघेही नादार नव्हते. ओरेगन स्टेटने २०२२मध्ये दहा सामने जिंकले होते. वॉशिंग्टन स्टेटने २०१८मध्ये अकरा. दोष एवढाच की पुलमन हे सुमारे ३३ हजार वस्तीचे गाव आणि कॉर्व्हालिसही लहानच शहर. दोन्ही ठिकाणी मोठी दूरचित्रवाणी बाजारपेठ नाही. याउलट २०१४मध्ये बिग टेनमध्ये आलेल्या रटगर्सला आजवर एकाही हंगामात गटांतर्गत पराभवांहून अधिक विजय मिळवता आलेले नाहीत. तरी त्याच्या आसनाला धक्का लागलेला नाही, कारण न्यू जर्सीतले हे विद्यापीठ न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांच्या अंगणात आहे.

युरोपातील फुटबॉल लीगमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत जातो आणि खालचा विजेता वर येतो. अमेरिकी महाविद्यालयीन खेळात तसा नियम कधीच नव्हता. पण आता नियम नसतानाही पदावनती होऊ लागली आहे, आणि तिचा निकष गुणतक्ता नाही.

समतोल कोणाकोणात?

स्पर्धात्मक समतोल हा शब्द मोघम आहे. तो किमान दोन प्रकारे तपासावा लागतो : वरच्या पंगतीतल्यांमध्ये चुरस किती, आणि वरच्या व खालच्या पंगतीतले अंतर किती.

पहिल्या कसोटीवर परिस्थिती सुधारली आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. चार संघांचा प्लेऑफ २०१४ ते २०२३ या दहा हंगामांत खेळवला गेला. एकूण ४० जागा. त्या केवळ १५ विद्यापीठांत वाटल्या गेल्या. त्यांतल्या २३ जागा अलाबामा, क्लेमसन, ओहायो स्टेट आणि ओक्लाहोमा या चौघांनीच घेतल्या. लहान गटांतला एकच संघ, २०२१चा सिनसिनाटी, तेथवर पोहोचला. २०२३मध्ये तर तेरा सामने अपराजित राहून एसीसीचे अजिंक्यपद मिळवलेल्या फ्लोरिडा स्टेटला निवड समितीने वगळले. म्हणजे फेरमांडणीपूर्वीचा काळ समतेचा सुवर्णकाळ होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

२०२४पासून प्लेऑफ बारा संघांचा झाला. त्याच हंगामात चारही मोठ्या गटांच्या अंतिम सामन्यांत एकेक नवागत खेळला : बिग टेनमध्ये ओरेगन, एसईसीत टेक्सास, बिग ट्वेल्व्हमध्ये ॲरिझोना स्टेट आणि एसीसीत एसएमयू. त्यांतील ओरेगन व ॲरिझोना स्टेट विजेते ठरले. ॲरिझोना स्टेट तर हंगामपूर्व अंदाजात गटात सर्वांत शेवटी होते. त्याच वर्षी व्हँडरबिल्टने अव्वल मानांकित अलाबामाला हरवले. पुढच्या वर्षी इंडियाना. पंगतीतल्या पंगतीत पाने कशी फिरतील याचा आज नेम राहिलेला नाही, हे खरे.

याचे मोठे श्रेय फेरमांडणीपेक्षा खेळाडूंना मिळालेल्या मोकळिकीला जाते. जुलै २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावाचे व प्रतिमेचे मोल घेता येऊ लागले. विद्यापीठ बदलल्यावर एक वर्ष बाकावर बसण्याची सक्तीही त्याच वर्षी शिथिल झाली आणि २०२४मध्ये जवळजवळ संपली. ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीला जून २०२५मध्ये मान्यता मिळाल्यावर विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना उत्पन्नात वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. वर्षानुवर्षे या तरुणांच्या घामावर अब्जावधी डॉलर मिळवून त्यांना केवळ शिष्यवृत्ती देणारी व्यवस्था अन्यायाची होती. ती मोडली हे योग्यच झाले. अलाबामासारख्या संघाच्या बाकावर बसून राहणारा गुणी खेळाडू आता दुसरीकडे जाऊन खेळू शकतो, आणि त्यामुळे वरचे संघ एकमेकांच्या जवळ आले.

शिडी माणसांना, संस्थांना नाही

दुसऱ्या कसोटीवर मात्र चित्र उलटे होते. तीच मोकळीक खालच्या पंगतीतून वरच्या पंगतीकडे वाहणारा पाट झाली आहे. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड २०२३नंतर मायामीला गेला आणि पुढे व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर आला. त्याच्या जागी घडवलेला जॉन मॅटीर २०२४नंतर ओक्लाहोमाला गेला. इंडियानाच्या विजयाचा नायक आणि २०२५चा हाइसमन पुरस्कार मिळवणारा फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियातून आला होता, म्हणजे मोडलेल्या पॅक-१२च्याच एका विद्यापीठातून.

प्रशिक्षकांचेही तेच. सिग्नेटी इंडियानाला आले ते व्हर्जिनियातील जेम्स मॅडिसन विद्यापीठातून, आणि येताना तेथील बरेच खेळाडूही आले. एवढे होऊनही जेम्स मॅडिसनने नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ पुन्हा उभा केला आणि २०२५च्या प्लेऑफमध्ये स्थान मिळवले. लुइझियानातले टुलेनही त्याच वर्षी तेथे पोहोचले. पण या दोन्ही संघांचा पहिला प्लेऑफ सामना होण्याआधीच त्यांच्या प्रशिक्षकांच्या नव्या नेमणुका जाहीर झाल्या होत्या : बॉब चेस्नी यूसीएलएला, जॉन समरॉल फ्लोरिडाला. दोन्ही संघ पहिल्याच फेरीत हरले आणि ‘यांना आत घ्यायचेच कशाला’ अशी कुरकुर सुरू झाली.

या घटना एकत्र ठेवून पाहिल्या की व्यवस्थेचे खरे रूप दिसते. गुणी खेळाडू वर चढू शकतो, गुणी प्रशिक्षकही चढू शकतो. त्यांना घडवणारी संस्था मात्र जेथल्या तेथे राहते आणि दर वर्षी नव्याने सुरुवात करते. इंडियानाचे यश हे सिग्नेटींच्या कसबाचे फळ निःसंशय आहे. पण जेम्स मॅडिसनमध्ये जे कसब होते तेच इंडियानात आल्यावर अजिंक्यपदाला पोहोचले, कारण तेथे त्यामागे बिग टेनचा पैसा उभा होता. सव्वाशे वर्षे बहुतेक काळ हरत राहिलेल्या विद्यापीठाचा तो वाटा कधीच हुकला नाही.

आता या वाट्याचे आकडे पाहू. २०२३-२४ या आर्थिक वर्षात बिग टेनने आपल्या सभासदांना प्रत्येकी सुमारे सहा कोटी तीस लाख डॉलर दिले, एसईसीने पाच कोटींहून अधिक, एसीसीने सरासरी साडेचार कोटींच्या आसपास. मोठ्या चार गटांबाहेरच्या विद्यापीठांना गटाकडून मिळणारी रक्कम याचा लहानसा अंश असते. प्लेऑफच्या नव्या प्रक्षेपण करारातील निम्म्याहून अधिक पैसा बिग टेन आणि एसईसी या दोघांकडे जाणार आहे, आणि प्लेऑफचे स्वरूप ठरवण्यातही त्यांचाच शब्द निर्णायक राहील. २०२५च्या बारा संघांतील आठ याच दोन गटांचे होते. पंक्तिप्रपंच म्हणतात तो याहून वेगळा नसतो : पंगत एक, पण वाढप्याच्या ओळखीचे कोण यावर पानातले ठरते.

खेळाडूंना द्यायच्या रकमेवर सर्वांना एकच कमाल मर्यादा घातल्याने समतोल साधेल, असेही सांगितले जाते. व्यावसायिक एनएफएलमध्ये १९९४पासून वेतनमर्यादा आहे आणि ती परिणामकारक ठरली, हे खरे. पण तेथे आधी राष्ट्रीय प्रक्षेपणाचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाते, नवोदितांच्या निवडीत तळाच्या संघाला पहिला मान मिळतो, आणि मग मर्यादा लागते. येथे उत्पन्नाचे समान वाटप नाही, निवडीचा क्रम नाही. केवळ छत तेवढे एक. ज्याची ऐपत छतापर्यंत पोहोचण्याची आहे तो पोहोचतो, बाकीचे जमिनीवरून पाहतात.

अवाढव्य गट, अपुरे सामने

फेरमांडणीने गटांच्या आतही एक नवी अडचण निर्माण केली आहे. बिग टेनमध्ये आज अठरा विद्यापीठे आहेत, एसीसीत सतरा, एसईसी व बिग ट्वेल्व्हमध्ये प्रत्येकी सोळा. प्रत्येक संघ गटात आठ किंवा नऊच सामने खेळतो. म्हणजे गटातल्या निम्म्या संघांशी त्याची गाठच पडत नाही. एकाला अवघड प्रतिस्पर्धी मिळतात, दुसऱ्याला सोपे, आणि गुणतक्त्यावर दोघे शेजारी दिसतात.

२०२५मध्ये एसीसीत नेमके हेच घडले. दुसऱ्या स्थानासाठी पाच संघांची बरोबरी झाली. ती सोडवण्याच्या किचकट नियमांनी ड्यूकला अंतिम सामन्यात नेले आणि मायामीला बाहेर ठेवले. ड्यूकने तो सामना जिंकला. पण आठ विजय आणि पाच पराभव अशी कामगिरी असलेल्या या गटविजेत्याला प्लेऑफमध्ये जागा मिळाली नाही. जी जागा मिळाली ती अंतिम सामन्याला न पोहोचलेल्या मायामीला, आणि तेच मायामी पुढे राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेले. गटाच्या अजिंक्यपदाला जो अर्थ होता तो गट फुगल्यामुळे उरला नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

बिल कोण भरते?

हे सगळे फुटबॉलसाठी झाले. पण गट बदलतो तेव्हा विद्यापीठाचे जवळपास सर्वच खेळ बदलतात. सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, टेनिस खेळणाऱ्या मुलींना आणि मुलांना लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला सामन्यासाठी जावे लागते. हे अंतर सुमारे चार हजार किलोमीटर, म्हणजे पणजी ते दिल्ली या अंतराच्या दुपटीहून अधिक. फुटबॉल संघ आठवड्यातून एकच सामना खेळतो, तोही बहुधा शनिवारी. इतर खेळांचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशीही असतात आणि त्यांत बुडतात ते वर्ग. विद्यार्थी-खेळाडू या जोडशब्दातला पहिला शब्द याने हळूहळू पुसला जातो.

खालच्या पंगतीतील अनेक विद्यापीठांत तर खेळांचा खर्च सर्वसामान्य विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या शुल्कातून भागवला जातो. मैदानाकडे कधी न फिरकलेला विद्यार्थीही, आपल्या विद्यापीठाला वर चढता यावे म्हणून, दर सत्राला रक्कम मोजत असतो. शिडीची वरची पायरी काढून घेतली गेली असेल तर ही रक्कम कशासाठी, हा प्रश्न रास्त ठरतो. भारतातून, आणि त्यात आपल्या मराठी घरांतूनही, अमेरिकी विद्यापीठांत शिकायला जाणाऱ्यांनी शुल्काच्या तपशिलात ही ओळ जरूर शोधावी.

गोव्याला हा प्रश्न सर्वस्वी परका नाही. २०१६मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीगला वरचे स्थान देऊन आय-लीग खाली नेण्याचा आराखडा मांडला, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोचे स्थान मैदानावरच्या पराभवाने गेले नव्हते. अमेरिका आणि भारत यांच्या क्रीडाव्यवस्था वेगळ्या आहेत, पैशाचे प्रमाण तर अतुलनीय आहे. परंतु जागा कर्तृत्वाने मिळावी की बाजारमूल्याने, हा मूळ प्रश्न दोन्हीकडे एकच.

वाटा कोणत्या?

यावर उपाय सुचवले गेले आहेत. अमेरिकी संसदेने १९६१मध्ये कायदा करून व्यावसायिक लीगना आपले प्रक्षेपण हक्क एकत्र विकण्याची मुभा दिली. एनएफएलमधील समान वाटपाचा पाया तोच. वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटर मारिया कँटवेल यांनी २०२५मध्ये मांडलेल्या विधेयकात हीच मुभा विद्यापीठांना देण्याचा विचार आहे. सर्वांचे हक्क एकत्र विकले तर एकूण किंमत वाढेल आणि वाटपाचे सूत्र ठरवता येईल, असा त्यामागचा तर्क. १९८४मध्ये जे साधन मोडले त्याचे हे कायदेशीर पुनरुज्जीवन म्हणता येईल. बिग टेन आणि एसईसी यांना मात्र आज जे मिळते त्यावर पाणी सोडण्याचे कारण दिसत नाही, आणि ज्याच्या हाती ससा तोच पारधी, हा न्याय तेथेही चालतो.

दुसरा उपाय अधिक साधा आहे : फुटबॉलचे गट वेगळे करावेत आणि उरलेल्या खेळांना पुन्हा शेजाऱ्यांशी खेळू द्यावे. यात दूरचित्रवाणीचा फारसा पैसा अडकलेला नाही. अडकली आहे ती केवळ गटांची प्रतिष्ठा आणि करारांची भाषा. तिसरा, वर-खाली जाण्याचा खुला नियम. तो सर्वांत न्याय्य, आणि म्हणूनच बहुधा सर्वांत दूरचा. ज्यांनी आसन पक्के करून घेतले आहे ते स्वतःहून परीक्षेला बसतील अशी अपेक्षा बाळगण्यात अर्थ नाही.

दरम्यान ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी हार मानलेली नाही. न्यायालयात जाऊन त्यांनी पॅक-१२चे नाव व कारभार आपल्या हाती राखला आणि बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट व टेक्सास स्टेट यांना सोबत घेऊन २०२६च्या हंगामासाठी आठ फुटबॉल संघांचा गट उभा केला. प्रवासाची अंतरे टेक्सासचा अपवाद सोडता आटोपशीर आहेत, आणि आठ संघ असल्याने प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडू शकते. गट म्हणजे काय असायला हवे याची आठवण करून देणारी ही मांडणी आहे.

या गटाचा विजेता राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोहोचूही शकेल. मात्र चार मोठ्या गटांबाहेरच्या सगळ्या विजेत्यांना मिळून नियमाने हमखास मिळणारी जागा एकच आहे आणि तिच्यासाठी साठाहून अधिक विद्यापीठे झगडणार आहेत. इंडियानाचे कौतुक करताना हा आकडा नजरेआड होऊ नये. पुलमनमधला संघ उद्या सलग सगळे सामने जिंकला, तरी परवा त्याचा क्वार्टरबॅक आणि प्रशिक्षक त्याच्याकडेच राहतील का, आणि पुढल्या वर्षी त्याला मोठ्या पंगतीत पाट मांडला जाईल का, या दोन प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर देता येईल त्या दिवशी या खेळात समतोल आला असे म्हणावे.